दाह केव्हा शमवावा? : विषाणुजन्य श्वसनरोगांत वसाम्लांचा वाटा

घरातील एखाद्या माणसाला सर्दी-खोकल्याबरोबर ताप भरला, अंग मोडून आले, की पहिला उपाय म्हणून तापाची गोळी दिली जाते. गोळी पोटात गेल्यावर तासाभरात घाम येतो, ताप उतरतो, आणि रोग हटला असे घरच्या मंडळींना वाटू लागते. वस्तुतः रोगाचे मूळ जो विषाणू त्याला या गोळीने धक्काही लागलेला नसतो. गोळीने जे थांबविलेले असते ते शरीराचेच एक कार्य होय. हे कार्य शरीर कोणत्या द्रव्यांच्या साह्याने चालविते, ते कोणत्या दिवशी उपकारक असते आणि कोणत्या दिवशी घातक ठरते, याविषयीची बरीच माहिती गेल्या शंभर वर्षांत शास्त्रज्ञांनी मिळविली आहे. औषधयोजनेवर मात या माहितीचा व्हावा तितका परिणाम अद्यापि झालेला नाही, आणि त्याची किंमत भारताने २०२१ साली फार मोठ्या प्रमाणावर मोजली.

शरीरातील प्रत्येक पेशीभोवती एक अत्यंत पातळ पटल असते व ते मुख्यतः स्निग्ध द्रव्यांचे बनलेले असते. पेवात धान्य साठवावे त्याप्रमाणे या पटलात निरनिराळी वसाम्ले साठविलेली असतात. त्यांपैकी वीस कार्बन अणूंचे ॲराकिडोनिक अम्ल हे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. करडई, सूर्यफूल, तीळ, शेंगदाणा यांच्या तेलात लिनोलिइक अम्ल असते. त्यापासून शरीर ते तयार करते, आणि मांस व अंडी यांतून ते थेटही मिळते. एरवी ते पटलात निमूटपणे बसून असते. परंतु विषाणू श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशींत शिरला, की पेशीतील एक एंझाइम जागे होते आणि या अम्लाला पटलातून कापून मोकळे करते.

मोकळ्या झालेल्या अम्लापुढे दोन मुख्य वाटा असतात. पहिल्या वाटेवर सायक्लो-ऑक्सिजनेज नावाचे एंझाइम त्यापासून प्रोस्टाग्लँडिने व थ्राँबॉक्सेन बनविते. यांपैकी प्रोस्टाग्लँडिन-ई२ हे मेंदूच्या तळाशी असलेल्या तापनियंत्रक केंद्रावर परिणाम करून शरीराचे तापमान चढविते, आणि संसर्गाच्या जागी रक्तवाहिन्या रुंद करून वेदना वाढविते. थ्राँबॉक्सेनामुळे रक्तातील बिंबाणू एकमेकांस चिकटतात. दुसऱ्या वाटेवर लिपॉक्सिजनेज हे एंझाइम ल्युकोट्राइने तयार करते. त्यांतील एक प्रकार पांढऱ्या पेशींना संसर्गाच्या जागी बोलावून आणतो. दुसरा प्रकार श्वासनलिकांचे स्नायू आवळतो, चिकट बेडका वाढवितो आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू देतो. सर्दी झालेल्या लहान मुलाच्या छातीत जी शिट्टीसारखी घरघर ऐकू येते, तिच्यामागे बऱ्याच अंशी हा दुसरा प्रकार असतो. लालपणा, सूज, उष्णता आणि वेदना या सर्वांना मिळून जो दाह म्हणतात, त्याचा मोठा भाग अशा रीतीने तेलातुपातून आलेल्या एका अम्लाच्या रूपांतरांवर उभा आहे.

या ज्ञानाची जुळणी फार सावकाश झाली. १९२९ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर व मिल्ड्रेड बर या दांपत्याने स्निग्धरहित आहारावर उंदीर वाढविले. त्यांची कातडी खवलेदार झाली, वाढ खुंटली आणि शेवटी ते दगावले. लिनोलिइक अम्लाच्या अल्पशा मात्रेने ते सुधारतात असे दिसताच काही वसाम्ले जीवनसत्त्वांइतकीच अनिवार्य असतात हे सिद्ध झाले. पुढे १९३५ साली स्वीडनमध्ये उल्फ फॉन ऑयलर यांनी वीर्यात सापडलेल्या एका क्रियाशील द्रव्याला प्रोस्टाग्लँडिन हे नाव दिले. ते प्रोस्टेट ग्रंथीतून येते अशी त्यांची समजूत होती. समजूत चुकीची ठरली तरी नाव कायमचे चिकटले. शास्त्राच्या शब्दकोशात असे अपघात पुष्कळ आहेत. बर दांपत्याचे अम्ल आणि ऑयलर यांचे द्रव्य यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे मात्र जवळजवळ तीस वर्षे कोणाच्या ध्यानी आले नाही. १९६४ साली स्वीडनमध्ये सुने बेर्यस्ट्रॉम व हॉलंडमध्ये व्हॅन डॉर्प यांनी एकाच सुमारास, स्वतंत्रपणे, ॲराकिडोनिक अम्लापासून प्रोस्टाग्लँडिन बनते हे दाखविले, तेव्हा ही दोन टोके जुळली. त्यानंतर सात वर्षांनी, १९७१ साली, लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिन हे पहिल्या वाटेवरील एंझाइमच बंद पाडते असे सिद्ध केले. ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात होते. म्हणजे ज्या गोळीने जगभर कोट्यवधी लोकांचा ताप उतरविला, ती नेमके काय करते हे कळावयास ७२ वर्षे लागली. बेर्यस्ट्रॉम, ल्युकोट्राइनांचा शोध लावणारे सामुएल्सन आणि व्हेन यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढ्यावर असा ग्रह होणे स्वाभाविक होते की दाह हा शत्रू आहे आणि ही एंझाइमे बंद केली की शत्रू नष्ट होईल. औषधांच्या जाहिरातींनी हाच ग्रह जोपासला. परंतु १९९९ साली लंडनमधील संशोधकांनी उंदरांच्या फुप्फुसाभोवतालच्या आवरणात दाह उत्पन्न करून जे पाहिले, ते या समजुतीस छेद देणारे होते. सायक्लो-ऑक्सिजनेजचा एक प्रकार दाहाच्या प्रारंभी, दोन तासांच्या सुमारास, वाढतो. पण ४८ तासांनी, दाह ओसरू लागला असता, तोच प्रकार पुन्हा आणि अधिक प्रमाणात वाढतो. आरंभी औषधाने त्याला रोखले तर दाह कमी होई. नंतरच्या टप्प्यात रोखले तर दाह वाढे! ज्या एंझाइमाने आग पेटविली तेच ती विझविण्याच्या कामी लागलेले होते. पुढे अमेरिकेतील बॉस्टन येथे चार्ल्स सेरहान व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विझविण्याच्या कार्याची स्वतंत्र द्रव्ये वेगळी केली. त्यांना रिझॉल्व्हिने व प्रोटेक्टिने अशी नावे मिळाली, आणि ती प्रामुख्याने माशांच्या तेलात आढळणाऱ्या ओमेगा-३ वर्गातील वसाम्लांपासून बनतात असे दिसून आले. दाह आपोआप विझत नसतो. शरीराला तो कष्टपूर्वक विझवावा लागतो, हा गेल्या पंचवीस वर्षांतील या विषयाचा सर्वांत मोठा धडा होय.

विषाणुजन्य श्वसनरोगांत ही गुंतागुंत आणखी वाढते, कारण येथे दाहाबरोबर जिवंत विषाणूचाही हिशेब ठेवावा लागतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सायक्लो-ऑक्सिजनेजचा दुसरा प्रकार जन्मतःच नसलेल्या उंदरांना इन्फ्ल्यूएंझाचा संसर्ग देण्यात आला. चौथ्या दिवशी त्यांच्या फुप्फुसांत विषाणूंची संख्या इतर उंदरांपेक्षा पुष्कळ अधिक होती. तरीही ते कमी आजारले आणि कमी मेले. विषाणू अधिक आणि मृत्यू कमी! रोगी विषाणूनेच मरतो असे मानणाऱ्यास हे कोडेच वाटेल. परंतु इन्फ्ल्यूएंझात फुप्फुसाची हानी बऱ्याच अंशी शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराने होते हे ध्यानी घेतले म्हणजे कोडे सुटते. उलट २०१४ साली कॅनडातील संशोधकांना असे आढळले, की इन्फ्ल्यूएंझाचा विषाणू भक्षक पेशींकडून मुद्दाम अधिक प्रोस्टाग्लँडिन-ई२ तयार करवितो आणि त्या द्रव्याच्या आडोशाने इंटरफेरॉनचा हल्ला चुकवितो. ते एकच द्रव्य थांबविले तर उंदरांतील विषाणूही घटले आणि उंदीरही वाचले. संपूर्ण एंझाइम बंद करणे आणि त्याच्या अनेक फळांपैकी एक तोडणे यांत किती अंतर आहे, हे या दोन प्रयोगांवरून कळून येते. बाजारातील वेदनाशामक गोळ्या पहिल्या प्रकारच्या आहेत. त्या सगळे झाडच हलवितात.

मग माणसांचे काय? १९९० साली ऑस्ट्रेलियात ६० निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडून काहींना ॲस्पिरिन, काहींना पॅरासिटामॉल, काहींना आयबुप्रोफेन, तर काहींना नुसती निरुपद्रवी गोळी देण्यात आली. ॲस्पिरिन व पॅरासिटामॉल घेणाऱ्यांत विषाणूविरोधी प्रतिपिंडे कमी निर्माण झाली आणि नाकाची लक्षणे वाढली. याउलट न्यूझीलंडमधील ८० रुग्णांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इन्फ्ल्यूएंझाच्या तापात नियमित पॅरासिटामॉल दिल्याने विषाणूंच्या संख्येत वा आजाराच्या काळात काहीच फरक पडला नाही. मार्च २०२० मध्ये फ्रान्सच्या आरोग्यमंत्र्यांनी कोव्हिडच्या रुग्णांनी आयबुप्रोफेन टाळावे असे जाहीर केले आणि जगभर घबराट उडाली. जागतिक आरोग्य संघटनेने प्रथम त्यास दुजोरा दिल्यासारखे बोलून दोन दिवसांत आपले म्हणणे बदलले. पुढे ब्रिटनमधील ७२ हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत अशा औषधांनी मृत्यू वाढल्याचे दिसले नाही. तेव्हा तापाच्या एखाद्या गोळीने रोगी दगावतो ही भीती निराधार आहे. आणि त्या गोळीने तो लवकर बरा होतो ही श्रद्धाही तितकीच निराधार आहे. ताप सोसवत नसेल, झोप लागत नसेल, तर पॅरासिटामॉलची योग्य मात्रा घ्यावी. आकडा उतरविण्यासाठीच दर चार तासांनी ती घेत राहण्यात मात्र काही शहाणपण नाही.

ॲस्पिरिनची गोष्ट थोडी निराळी आहे. १९६३ साली सिडनी येथील डग्लस राय व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांतील एका भयंकर विकाराचे वर्णन केले. इन्फ्ल्यूएंझा किंवा कांजिण्या बऱ्या होत असताना मूल एकाएकी ओकाऱ्या करू लागते, मेंदूला सूज येते, यकृतात चरबी साठते. अमेरिकेत १९७९-८० मध्ये अशा ५५५ रुग्णांची नोंद झाली. ॲस्पिरिनशी असलेला संबंध लक्षात आल्यावर १९८० पासून इशारे देण्यात आले. १९९४ ते १९९७ या काळात वर्षाला दोनहून अधिक रुग्ण आढळले नाहीत. एका साध्या सूचनेने एवढे बालमृत्यू टळल्याचे उदाहरण वैद्यकात विरळाच. भारतात तर डेंग्यूच्या तापात रक्तस्रावाचा धोका असल्याने ॲस्पिरिन व आयबुप्रोफेन दोन्ही टाळावयाची असतात, आणि पावसाळ्यातला ताप इन्फ्ल्यूएंझाचा की डेंग्यूचा हे पहिल्या दिवशी दुकानदारालाही कळत नाही व रोग्यालाही कळत नाही. या प्रसंगी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. १९१८ च्या महामारीत पाश्चात्त्य देशांतील काही मृत्यू ॲस्पिरिनच्या अतिमात्रेने झाले असावेत, असे एक अनुमान २००९ साली मांडण्यात आले. त्या वेळी दिवसाला ८ ते ३१ ग्रॅम इतके ॲस्पिरिन सुचविले जाई. अनुमान विचार करण्याजोगे आहे. पण त्याच साथीत भारतात एक कोटीहून अधिक माणसे मेली, आणि त्यांतील बहुतेकांच्या वाट्याला औषधाची एकही गोळी आली नसावी. सर्व दोष गोळीच्या माथी मारणाऱ्यांनी हे विसरू नये.

वेळेचे महत्त्व सर्वांत स्पष्टपणे दाखविले ते डेक्सामेथासोन या स्टेरॉइडाने. हे औषध दाहाच्या अनेक मार्गांवर एकदम आघात करते. पटलातून ॲराकिडोनिक अम्ल सुटण्याच्या मुळाशीही ते बांध घालते. २०२० साली ब्रिटनमध्ये कोव्हिडच्या ६,४२५ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटणी करून त्याची चाचणी घेण्यात आली. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांत दर शंभरी मृत्यू ४१ वरून २९ वर आले. केवळ प्राणवायू लागणाऱ्यांत ते २६ वरून २३ वर आले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांच्यात मात्र मृत्यूचे प्रमाण शेकडा १४ ऐवजी जवळजवळ १८ आढळले; हा फरक योगायोगाचा असू शकेल, पण त्यात लाभाची खूण कोठेच नव्हती. औषध तेच, मात्रा तीच, विषाणू तोच. फरक एवढाच की पहिल्या गटात विषाणूचा जोर ओसरून दाहाचा जोर उरला होता, आणि शेवटच्या गटात शरीराची लढाई अजून चालू होती.

हा निष्कर्ष जून २०२० मध्येच जाहीर झाला होता. तरीही २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत भारतभर ज्यांच्या रक्तातील प्राणवायू उत्तम होता अशा रुग्णांनाही पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून स्टेरॉइडे दिली गेली. कित्येकांनी ती कोणाच्या तरी चिठ्ठीची नक्कल दाखवून दुकानातून आणली. रक्तशर्करा वाढली, प्रतिकारशक्ती खालावली, आणि नाक, डोळा व मेंदू पोखरणाऱ्या काळ्या बुरशीने डोके वर काढले. जुलै २०२१ पर्यंत देशात या बुरशीचे ४५ हजारांहून अधिक रुग्ण व चार हजारांहून अधिक मृत्यू नोंदले गेले. मधुमेहाचा व्यापक प्रसार हे त्याचे एक प्रमुख कारण होते यात शंका नाही. परंतु अनेक रुग्णालयांतील रुग्णांच्या एकत्रित अभ्यासात अवाजवी स्टेरॉइडांचा संबंधही दिसून आला. डोळा काढून जीव वाचविलेल्या माणसांना हे शास्त्रीय वादविवादाचे प्रकरण वाटणार नाही. स्टेरॉइडे चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम या देशात आहेच. तो पाळला जावा यासाठी नव्या शोधाची वाट पाहण्याचे कारण नाही, आणि ज्या राज्यांत औषध-निरीक्षकांची पदे रिकामी राहतात त्या राज्यांनी साथीच्या वेळी जनतेला दोष देऊ नये.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांविषयी. दाह विझविणारी द्रव्ये माशाच्या तेलापासून बनतात हे कळताच, तेलाच्या कुप्या हेच विषाणूवरील उत्तर आहे अशी हाकाटी सुरू झाली. तिला आधार नव्हता असे नाही. २०१३ साली जपानी संशोधकांनी प्रोटेक्टिन हे द्रव्य इन्फ्ल्यूएंझाची वाढ रोखते आणि आजारी उंदरांना वाचविते असे दाखविले होते. पण शुद्ध द्रव्य शिरेतून देणे आणि त्याचे कच्चे तेल पाजणे यांत, कापूस आणि सदरा यांच्याइतके अंतर आहे. अमेरिकेत फुप्फुसाला तीव्र इजा झालेल्या रुग्णांना नळीवाटे ओमेगा-३ वसाम्ले देण्याची चाचणी २७२ रुग्णांनंतर थांबवावी लागली. तेल घेणाऱ्यांत साठ दिवसांतील मृत्यू शेकडा २६ हून अधिक होते, न घेणाऱ्यांत १६. तिचा वृत्तांत २०११ साली प्रसिद्ध झाला. नॉर्वेत २०२०-२१ च्या हिवाळ्यात सुमारे ३५ हजार लोकांपैकी निम्म्यांना रोज एक चमचा कॉड माशाच्या यकृताचे तेल आणि निम्म्यांना मक्याचे तेल सहा महिने देण्यात आले. कोव्हिड वा इतर श्वसनरोग दोन्हीकडे सारखेच झाले. ल्युकोट्राइने अडविणाऱ्या गोळीची, श्वासनलिकांच्या विषाणुजन्य दाहानंतर सुमारे हजार बालकांवर घेतलेली चाचणीही २००८ साली अशीच निष्फळ ठरली होती. बिंबाणूंना चिकटू न देणारे ॲस्पिरिन कोव्हिडच्या जवळजवळ १५ हजार रुग्णालयीन रुग्णांत वापरून पाहिले, तेव्हा दोन्ही गटांत मृत्यू शेकडा १७ असेच राहिले. कागदावर सुरेख दिसणाऱ्या मार्गावर औषध ठेवले की रोगी उठून बसतो, असा शरीराचा व्यवहार नाही.

या सर्व अपयशांतून विषयच निरर्थक ठरतो काय? तसे म्हणणे घाईचे होईल. बहुतेक चाचण्यांत आजाराचा कितवा दिवस आहे याची बारकाईने विभागणी झालेली नव्हती. आणि रोग्याच्या पेशीपटलात मुळात कोणती वसाम्ले होती हे तर क्वचितच मोजले गेले. वयाचाही प्रश्न आहेच. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात असे आढळले आहे, की उंदीर म्हातारे होतात तसे त्यांच्या फुप्फुसांत प्रोस्टाग्लँडिन-डी२ वाढते आणि त्यामुळे संसर्गाची वार्ता लसीका-ग्रंथींपर्यंत पोचविणाऱ्या पेशींचा वेग मंदावतो. त्या द्रव्याची वाट अडविली असता कोव्हिडच्या विषाणूने हमखास मरणारे मध्यमवयीन उंदीर वाचले, असे २०२२ साली प्रसिद्ध झाले. वृद्धांच्या घरी साथ शिरली की काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या प्रयोगाचे मोल सांगावयास नको.

येथेच भारतीय संशोधनाला स्वतःचे क्षेत्र मोकळे आहे. नॉर्वेतील माणूस मासे खाणारा. भारतातील कोट्यवधी लोक मासा शिवतही नाहीत, आणि त्यांच्या स्वयंपाकात सूर्यफुलाचे किंवा सोयाबीनचे तेल असते. अशा शाकाहारी लोकांच्या पेशींत लांब साखळीची ओमेगा-३ वसाम्ले कमी असतात. विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी भाकरीबरोबर खाल्ली जाते, आणि जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ वर्गातील एका अम्लाचा असतो. परंतु त्याचे लांब साखळीत रूपांतर करण्याची माणसाची शक्ती तोकडी आहे. कोकण किनाऱ्यावरील बांगडा-तारली खाणाऱ्या कुटुंबात हीच अम्ले आयती येतात. एकाच राज्यात, एकाच साथीत, इतक्या भिन्न पेशीपटलांची माणसे परदेशी संशोधकाला शोधूनही मिळणार नाहीत. यांच्या दाहाचा आरंभ, शिखर आणि उतार एकाच मापाचे असतात की नाही, हा प्रश्न कोणी नीट विचारलेलाच नाही, आणि परक्या आहारावर घेतलेल्या चाचण्यांचे उत्तर त्याला लागू करणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर बेतलेला अंगरखा घालणे होय.

विषाणूंचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था १९५२ पासून पुण्यात आहे. आहाराचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था १९५८ पासून हैदराबादेत आहे. दोन्ही एकाच वैद्यक संशोधन परिषदेच्या छत्राखाली आहेत आणि दोहोंमध्ये एका रात्रीच्या रेल्वेप्रवासाचे अंतर आहे. पुढच्या पावसाळ्यात इन्फ्ल्यूएंझाचे रुग्ण रुग्णालयांत येऊ लागतील तेव्हा त्यांच्या नाकातील विषाणू, रक्तातील वसाम्ले, रोजच्या जेवणातील तेल आणि आजाराचा दिवस या चार गोष्टी एकाच कागदावर नोंदल्या जाव्यात, एवढीच या कामाची पहिली मागणी आहे. तिला फार मोठा खर्च लागत नाही.